चार नंबरची घंटा

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, पण खरं सांगायचं तर विश्वास ठेवून नाही. एकटीनं जेवायला बसलं की समोर काहीतरी हवं म्हणून वाचायचं, आणि वाचता वाचता चुका काढायच्या. इथे वायर ढिली असेल... इथे बाईंना ताप असेल... इथे नक्की मांजर. माझं कामच तसं आहे. लोकांचे कॉम्प्युटर आणि सर्व्हर सांभाळते. "मॅडम, हे आपोआप होतंय" असा फोन आला की त्यामागे कुणाचा तरी हात निघतो, नाहीतर उंदराचे दात. बावीस वर्षांत तिसरं काही निघालं नव्हतं.

त्यामुळे आज स्वतःच लिहायला बसलेय, तर जरा अवघडल्यासारखं होतंय. गेल्या मे महिन्यातली गोष्ट आहे. माणसांची नावं बदलली आहेत, बाकी जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

मी धुळ्याला राहते, देवपुरात. वय सत्तेचाळीस. घटस्फोटाला अकरा वर्षं झाली, मुलगी नोकरीनिमित्त बंगळुरूला. खानदेशातल्या आठ-दहा ठिकाणांचे सर्व्हर मी घरी बसून बघते. सगळं नेटवरून होतं, जावं क्वचितच लागतं. कधी कधी संध्याकाळी लक्षात येतं की आज दिवसभरात तोंडातून एवढंच निघालं — "बंद करून परत चालू करा." तेही फोनवर. दूधवाला पिशवी दाराच्या कडीला लावून जातो, त्याचा चेहरा मला नीट आठवतही नाही. तक्रार नाही ही. आपण कुठे उभं राहून सांगतोय ते आधी सांगावं, इतकंच.

माझ्या गिऱ्हाइकांत सावद्याचं केळी पिकवायचं एक युनिट आहे. मालक मधुकरशेठ. युनिटमध्ये एका ओळीत सहा मोठ्या खोल्या — त्यांना चेंबर म्हणतात. कच्च्या केळीचे कॅरेट आत रचायचे, दार हवाबंद करायचं, आत थंडावा आणि पिकवायचा गॅस ठेवायचा. चार-पाच दिवसांनी पिवळीधमक केळी बाहेर. आतलं तापमान, गॅस, दार उघडं की बंद, हे सगळं कॉम्प्युटरवर दिसतं. शिवाय प्रत्येक चेंबरमध्ये आतल्या भिंतीला एक लाल बटण असायचं. चुकून कुणी आत अडकलं तर दाबायचं, ऑफिसात घंटा वाजणार आणि स्क्रीनवर ओळ येणार — "आत माणूस."

हे सगळं बघणारं सॉफ्टवेअर फार जुनं. बनवणारी कंपनी कधीच गुंडाळली गेलेली. ते चालत राहावं म्हणून मी काही वर्षांपूर्वी त्याला एका व्हर्च्युअल मशीनमध्ये बसवलं होतं. व्हर्च्युअल मशीन म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला दुसरा कॉम्प्युटर. त्याला हात लावता येत नाही, पण तो स्वतःला खराच समजतो. त्याला सस्पेंड करता येतं, म्हणजे आहे त्या अवस्थेत झोपवता येतं. शिलाई मशीन थांबवावं, सुई कापडातच राहू द्यावी, आणि वर्षानं येऊन त्याच टाक्यापासून पुढे शिवावं, तसं.

मे महिन्यात शेठनी नवी सिस्टीम घेतली. नवे पॅनल बसले, ऑफिसातली घंटा आणि बऱ्याचशा जुन्या वायरी निघाल्या. जुन्या मशीनला सस्पेंड करून त्याची फाइल जपून ठेवायची, एवढंच माझ्याकडे उरलं होतं. बंद करून चाललं नसतं, कारण परत चालू करायचा पासवर्ड कुणाकडेच नव्हता. जुन्या नोंदी मात्र शेठना हव्या होत्या.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास घरूनच सस्पेंडचं बटण दाबलं. हे पाच मिनिटांचं काम. पट्टी भरत भरत शेवटापर्यंत गेली, थांबली, आणि परत रिकामी झाली. मशीन जागं ते जागंच.

परत केलं. तेच.

नेहमीचं सगळं तपासलं. डिस्कवर जागा आहे. मेमरी आहे. कुठलं उपकरण अडकलेलं नाही. शेअर केलेलं फोल्डर काढलं, टूल्स नव्यानं टाकले... काही फरक नाही. मंगळवारी मग मशीनच्या पोटातली लॉग फाइल, म्हणजे मशीन स्वतः ठेवतं ती नोंदवही, काढून ओळ न् ओळ वाचली. झोपण्याआधी मशीन आतल्या प्रत्येक प्रोग्रॅमला विचारतं की मी झोपू का. सगळे हो म्हणतात. एक नाही म्हणत होता, घंटेचा. ज्यानं कुणी तो लिहिला त्यानं त्यात नियम घातला होता: घंटा वाजत असेल तोवर मशीनला झोपू द्यायचं नाही. शहाणा माणूस असणार.

आणि खाली ओळ होती. "चेंबर ४ — आत माणूस."

मी युनिटच्या वायरमनला, भिकनला फोन लावला.

"चार नंबर?" तो म्हणाला. "ताई, चार नंबर तं दोन वर्षांपासून बंद हाये. कूलिंग बिघडलं तवापासून तिच्यात मोडके कॅरेट टाकतो आम्ही. बटनाची वायर म्या माह्या हातानं कापेल हाये."

"मग घंटा कशी दाखवतंय?"

"तुमचं मशीन म्हातारं झालं असंल," असं म्हणून तो हसला. मलाही तेच वाटलं. घंटा मी इथून रिसेट केली. ओळ गेली. सस्पेंडचं बटण दाबायला माऊस नेला, तर ओळ परत आलेली. बुधवारी दिवसभर हाच खेळ. रिसेट करायचं, दोन मिनिटं शांतता, की परत "आत माणूस."

शुक्रवारी नव्या सिस्टीमची माणसं येऊन जुना सर्व्हर घेऊन जाणार होती. म्हणजे माझ्याकडे गुरुवार उरला. बुधवारी संध्याकाळी शेठना कळवलं की मला प्रत्यक्ष यावं लागेल.

"या ना, पण उद्या कुणी नसेल," शेठ म्हणाले. "भाच्याचं लग्न आहे चाळीसगावला, सगळा स्टाफ घेऊन चाललोय. गेटची आणि ऑफिसची चावी समोरच्या टायरवाल्याकडे ठेवतो. जमेल ना एकटीला?"

मी म्हटलं, जमेल. एकटीनं न जमण्यासारखं माझ्या आयुष्यात आता काही उरलेलं नाही.

गुरुवारी सकाळी साडेपाचची बस धरली. जळगावला गाडी बदलली, भुसावळ-फैजपूरवरून सावदा. उतरले तेव्हा साडेअकरा झाले होते आणि ऊन असं की डांबराला चप्पल चिकटत होती. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मे महिन्यात आमच्याकडे दुपारचं गाव ओसाड पडल्यासारखंच दिसतं, दारं-खिडक्या लावलेल्या, कूलरची घरघर तेवढी. टायरवाल्यानं मान वर न करता चावी दिली.

युनिटमध्ये खरंच कुणी नव्हतं. गेटमधून आत लांब शेड, डाव्या हाताला सहा चेंबरची जाड पांढरी दारं, टोकाला लोखंडी जिना आणि वर ऑफिसची केबिन. कॉम्प्रेसरचा आवाज सोडला तर शांतता. मी वर गेले, पंखा लावला, सर्व्हरसमोर बसले.

"चेंबर ४ — आत माणूस."

समोर बसून काम करण्याचा फायदा असा की वायर उपटता येते. चेंबरांकडून सर्व्हरला येणारी एकच केबल होती. ती मी काढली. शिवाय व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क कार्डही बंद केलं. आता त्या मशीनला बाहेरच्या जगाचं काहीही कळायला मार्ग नव्हता. अंधाऱ्या खोलीत कानात बोळे घालून बसवलेल्या माणसासारखं. घंटा रिसेट केली. ओळ गेली. मी बाटलीतलं पाणी प्यायले, घड्याळ बघत राहिले.

दोन मिनिटांनी ओळ आली. ताज्या वेळेची.

इथे मला पहिल्यांदा कसंतरी झालं. जुनी नोंद मेमरीत अडकून राहणं मी समजू शकते. पण अडकलेली नोंद जुनीच राहते, तिला नवी वेळ मिळत नाही. ही प्रत्येक वेळी नवी येत होती. आणि नीट बघितलं तर त्यात एक चाल होती. लागोपाठ तीनदा, मग थोडं थांबून परत तीनदा. मशीनच्या बिघाडाला अशी चाल नसते. माणूस दार ठोठावतो तेव्हा असते.

मी डबा खाल्ला. खरंच. काय करावं ते सुचेना तेव्हा मी जेवून घेते. मग केबल परत लावली, परत काढली, सगळी तपासणी पहिल्यापासून केली. दीड वाजला. शेवटी उठले आणि खाली चार नंबरला गेले.

दार अर्धवट उघडंच होतं. आत मोडके कॅरेट छतापर्यंत, जाळी, उंदराचा वास. मोबाइलचा उजेड टाकला. भिंतीला लाल बटणाची डबी होती, खालून दोन वायरींची कापलेली टोकं लोंबत होती, त्यांवर काळी टेप. भिकन खोटं बोलला नव्हता. मी ते बटण दाबून धरलं, मनात तीस आकडे मोजले, घड्याळात वेळ बघितली आणि वर गेले. त्या वेळेची एकही नोंद नव्हती. त्यानंतर मिनिटाभरानं, म्हणजे मी जिना चढत असताना, तीन होत्या.

मी तिथेच खुर्चीत बसून राहिले. भीती वाटली का? वाटली, पण भुताची म्हणावी तशी नाही. एवढ्या मोठ्या शेडमध्ये मी एकटी, शेजारच्या गावापर्यंत सगळे दारं लावून झोपलेले, आणि समोरचं मशीन एकच गोष्ट परत परत सांगतंय. आत माणूस. आत माणूस. माझ्याशिवाय ते ऐकायला कुणीच नव्हतं.

म्हणून दुसऱ्यांदा खाली उतरले. आता चार नंबरकडे नाही, सगळ्याच दारांसमोरून सावकाश चालत गेले. दोन नंबरच्या दाराशी चपलांचा एक जोड होता. मघाशीही तो दिसला होता, पण कामाच्या ठिकाणी चपला पडलेल्याच असतात. आता थांबून बघितलं. जुन्या, टाचेला झिजलेल्या, आणि नीट शेजारी शेजारी काढून ठेवलेल्या.

सगळे लग्नाला गेलेत. लग्नाला कुणी अनवाणी जात नाही.

दारावर पाटी होती: माल लावला आहे, चार दिवस दार उघडू नये. शेजारच्या नव्या पॅनलवर दोन नंबरचे सगळे दिवे हिरवे. मी दारावर थाप मारली. वीतभर जाडीचं दार ते, माझ्या थापेचा आवाज मलाच नीट आला नाही. कान लावला. आतल्या पंख्यांची घूं घूं.

शेठना फोन लावला. दोनदा. उचलला नाही, तिकडे बँड चालला असेल. भिकनला लावला, तो बाहेरचा वायरमन, लग्नाला न जाता गावातच होता.

"भिकन, दोन नंबरसमोर कुणाच्या तरी चपला आहेत."

"असतीन नानाच्या. ते आत जायच्या आधी काढतात."

"कोण नाना?"

"सुपडू नाना. जुने हायेत, तठीच मांगच्या खोलीत राहतात. पन ते गेले ना लग्नाले. शेठनं स्टाफच्या सगळ्याईले नेलं." मग घाईनं म्हणाला, "ताई, दार उघडू नका हां. गॅस निंघून जाईल, सगळा माल वाया जाईल. शेठ मले सोडनार नही."

फोन चालू ठेवूनच मी शेडच्या मागे गेले. पत्र्याची खोली, दार नुसतं लोटलेलं. एक खाट, एक स्टोव्ह, आणि दोरीवर हँगरला एक पांढरा सदरा. कडक इस्त्री केलेला, वरचं बटण लावलेलं. खाटेवर धुतलेलं धोतर घडी घालून, त्यावर टोपी.

"भिकन," मी म्हटलं, "नाना गेलेले नाहीत. तू ताबडतोब निघ."

दोन नंबरच्या दाराला बाहेरून खिट्टी घातलेली होती. ती काढली, पण हवाबंद दार रबराला धरून बसतं, हँडल मला एकटीला ओढवेना. शेवटी जवळ पडलेला लोखंडी पाइप हँडलमध्ये घालून सगळं वजन टाकलं. दार सुटलं तशी थंड, गोडसर, डोक्यात जाणारी हवा अंगावर आली. तोंडाला ओढणी बांधून मी दोन पावलं आत गेले.

ते दाराजवळच, कॅरेटांना पाठ टेकून बसले होते. सत्तरीचे, किडकिडीत. डोळे अर्धे उघडे, पण बघत नव्हते. गुडघ्यांवर हात, जणू एस.टी.ची वाट बघत बसलेत.

माझ्या तोंडून मराठी निघालीच नाही. आई गेल्यापासून घरात कुणाशी न बोललेली अहिराणी निघाली.

"नाना! उठा नाना, चाला बाहेर. दखा मनाकडे."

त्यांचे डोळे हलले. "कोन शे?"

"मी शे. चाला."

बगलेत हात घालून मी त्यांना ओढत बाहेर आणलं. शेडमधल्या पंचेचाळीस अंशांच्या गरम हवेचा झोत अंगावर आला तसे ते थरथरायला लागले. माझ्या बाटलीतलं पाणी त्यांच्या तोंडाला लावलं, निम्मं सांडलं. तेवढ्यात भिकन मोटारसायकलवर आला. नानांना बघून तसाच परत वळला आणि कुणाचा तरी टेम्पो घेऊन आला. आम्ही त्यांना फैजपूरला एका दवाखान्यात नेलं. ऑक्सिजन लावला, सलाईन लावली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत.

कसं झालं ते नंतर कळलं. सकाळी निघायच्या आधी नाना शेवटचं कॅरेट बघायला आत गेले होते. कुणीतरी घाईत दार लोटून खिट्टी घातली — कोणी, ते आजपर्यंत कुणी कबूल केलेलं नाही. आतून उघडायचा दांडा मोडलेला होता. दोन नंबरचं लाल बटण नव्या पॅनलसाठी आदल्याच आठवड्यात काढलेलं, नवं शुक्रवारी बसणार होतं. लग्नाला दोन गाड्या गेल्या. पहिल्या गाडीतल्यांना वाटलं नाना दुसरीत आहेत, दुसरीतल्यांना वाटलं पहिलीत. मांडवात जेवणं उरकली तरी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

संध्याकाळी नाना नीट बोलायला लागले. भिकन चहा आणायला गेला होता, खोलीत आम्ही दोघंच.

"धुळानी शे का तू?" त्यांनी विचारलं.

"हा नाना. देवपूरनी."

"मनं गाव सोनगीरना बाजूले." त्यांनी चादर छातीपर्यंत ओढली. "एकतीस वरीस व्हयनात आठे. आपली बोली कोनी बोलस नही आठे."

सावद्याकडची बोली वेगळी, हे मला ठाऊक होतं. पण एकतीस वर्षं आपल्या बोलीत कुणी बोललंच नाही म्हणजे काय, ते मला त्या खाटेशेजारी बसल्यावर कळलं.

मला जे विचारायचं होतं ते मी विचारलं. "नाना, आत तुम्ही काही दाबं का? घंटी, बटन, काही?"

"घंटी कोठे शे तठे? काढी टाकी ना."

"मंग दार ठोकं व्हई?"

"सुरुवातले एकदाव ठोकं. मंग नही."

"हाक?"

"नही मारी."

"काब्र नही मारी नाना?"

ते वर पंख्याकडे बघत होते. रागावलेले नव्हते, रडतही नव्हते. एखाद्या लहान मुलाला समजावून सांगावं तसं सांगितलं त्यांनी.

"बठ्ठा गयात लगीनले. कोनले हाक मारू? अन् हाक मारीसन कोनी उनं नही, तर जास्ती वाईट वाटस माय."

हाक मारूनही कुणी आलं नाही तर — हे मी मनात मराठीत एकदा म्हणून बघितलं, आणि उठून खिडकीशी गेले.

शेठ चाळीसगावहून थेट दवाखान्यात आले, लग्नाच्या कपड्यांतच. नानांच्या पायाशी बसले. मोठा माणूस, पण खाली फरशीवरच. मला म्हणाले, "ताई, तुम्ही आज आला नसतात तर..." उद्या सकाळी कामगार येईपर्यंत तरी ते दार कुणी उघडलं नसतं, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

रात्री मी फैजपूरला लॉजवर राहिले. शुक्रवारी सकाळी युनिटवर जाऊन सर्व्हरसमोर बसले. केबल काल काढली तशीच बाजूला पडलेली. लॉग उघडला. सोमवार सकाळपासून गुरुवार दुपारपर्यंत नोंदीच नोंदी. शेवटची नोंद गुरुवारची, दोन वाजून एकेचाळीस मिनिटांची. माझ्या मोबाइलवर भिकनला "निघ" म्हटलेला फोन दोन छत्तीसला सुरू होतो. त्यानंतर मी पाइप शोधला, दार उघडलं. म्हणजे दार सुटलं ते त्याच मिनिटाला, नाहीतर एखादं मिनिट इकडेतिकडे.

त्यानंतर एकही नोंद नाही. मी रिसेट केलेलं नव्हतं, त्या वेळी वर कुणीच नव्हतं.

सस्पेंडचं बटण दाबलं. पट्टी भरली आणि मशीन झोपलं. दहा-बारा सेकंद लागले असतील.

आता तुम्ही जे विचाराल ते मी सगळं विचारून झालंय. चार नंबरमध्ये पूर्वी कुणी दगावलं होतं का? नाही. शेठनी शपथेवर सांगितलं, भिकननं सांगितलं, नानांनीही सांगितलं. तिचं कूलिंग बिघडलं म्हणून बंद केली, बस. सोमवारी काही घडलं होतं का? नानांना विचारलं. सोमवारी नेहमीसारखे कॅरेट उचलले, म्हणाले, दुपारी सदरा इस्त्रीला टाकला. पुण्यात माझ्या ओळखीचा एक जण अशाच मशीनांवर काम करतो, त्याला लॉगची प्रत पाठवली. त्याचं उत्तर आलं — जुनं सॉफ्टवेअर, मेमरी करप्ट झाली असणार. असेल. मी स्वतः दुसऱ्या कुणाला हेच उत्तर दिलं असतं. पण बाहेरचं काहीही ऐकू न येणाऱ्या मशीनची करप्ट मेमरी, बाहेरचं एक दार उघडल्यावर नेमकी दुरुस्त कशी झाली, ते त्या उत्तरात बसत नाही. आणि घंटा चार नंबरची का? माणूस तर दोन नंबरमध्ये होता. दोन नंबरचं बटण काढलेलं, चार नंबरची वायर कापलेली. जे काही होतं, त्यानं मिळेल ती घंटा वाजवली, असं भिकन म्हणतो.

मला सगळ्यात जास्त छळतो तो सोमवार. सोमवारी नाना कुठे अडकलेले नव्हते. मोकळे होते, धडधाकट होते. त्या दिवशी मशीन गुमान झोपलं असतं, तर मी गुरुवारी धुळ्यात माझ्या कूलरसमोर बसलेली असते आणि सावदा माझ्या डोक्यातही नसतं.

नाना आता काम करत नाहीत. शेठनी त्यांना ऑफिसशेजारची पक्की खोली दिली आहे, दोन्ही वेळचा डबा घरून जातो. मी दर गुरुवारी दुपारी त्यांना फोन करते. फार काही बोलत नाही आम्ही. काय खादं, ऊन कितलं शे, गुडघा कसा शे. पाच मिनिटं. पण अहिराणीत.

मागच्या महिन्यात एका गुरुवारी माझ्याकडून राहून गेलं. कामही नव्हतं खरं तर. सकाळपासून काहीच करावंसं वाटत नव्हतं, मोबाइल उलटा करून पडून होते. चारच्या सुमारास तो वाजला. नानांना स्वतःहून फोन लावता येत नाही, त्यांनी कुणाकडून तरी लावून घेतला होता.

"काय व्हयनं व माय?" ते म्हणाले. "आज फोन नही तुना."

मी म्हटलं, "काही नही नाना. डोळा लागी गया व्हता."

"बरी शे ना?"

"बरी शे."

"मंग ठीक," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी उठले, तोंड धुतलं, चहा टाकला.

लॉगची प्रत माझ्याकडे आहे. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा उघडते, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते आणि बंद करते. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर सांगा. मला अजून सुचलेलं नाही.